नवीन लॅपटॉपवरचे स्टिकर आणि आतलं 'फुकट' सॉफ्टवेअर : काय ठेवायचं, काय काढायचं



आपल्या एका सभासदांचा मुलगा इंदूरला भंवरकुआं भागात राहून शिकतो. तिथं जवळच खंडवा रोडला देवी अहिल्या विद्यापीठाचा परिसर आहे. बंदीच्या दिवसांत, बोट किनाऱ्याला असताना, बापाने उसने पैसे काढून त्याला लॅपटॉप घेऊन दिला. महिन्याभरात स्क्रीनवर लाल अक्षरं यायला लागली : संरक्षण संपलं, लगेच पैसे भरा. पोरगं घाबरलं, बापाने पैसे पाठवले. सुट्टीत आल्यावर त्याने लॅपटॉप मला दाखवला तेव्हा कळलं, ते पैसे भरायची गरजच नव्हती. दुसऱ्या कुणाचे असे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

हे येतं कुठून?
लॅपटॉप विकून बनवणाऱ्या कंपनीला फार सुटत नाही. मग दुसऱ्या कंपन्या आपली जाहिरात लावायला तिला पैसे देतात. १९९१ साली इंटेलने 'इंटेल इनसाइड' मोहीम काढली. कॉम्प्युटरवाल्याने जाहिरातीत इंटेलची खूण दाखवली की जाहिरातीच्या खर्चाचा काही वाटा इंटेल द्यायची. स्टिकर तिथूनच घरोघर पोचले. अँटीव्हायरसचं तसंच. आधी काही दिवस फुकट, मग पैसे. गळाला लावलेलं आमिषच ते.

कधी धोकाही असतो. लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये २०१४ पासून 'सुपरफिश' नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर आधीच भरलेलं होतं. त्याच्यामुळे बँकेच्या साइटचं सुरक्षित कनेक्शनसुद्धा कच्चं पडत होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीस आलं आणि कंपनीला ते काढायचं साधन द्यावं लागलं.

आता काय करायचं?

१) कीबोर्डजवळचे जाहिरातीचे स्टिकर काढले तरी मशीनला काही होत नाही. तळाचा सीरियल नंबरचा स्टिकर मात्र काढू नका, वॉरंटीला तोच लागतो.

२) अँटीव्हायरसची मुदत संपली तर घाबरू नका. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं संरक्षण फुकट असतं. बाहेरचा अँटीव्हायरस काढून मशीन रीस्टार्ट केलं की ते चालू होतं. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून खात्री करा.

३) काढायचं कसं : सेटिंग्ज, मग ॲप्स, त्यात नको ते अनइन्स्टॉल. गेम, ट्रायल, खरेदीची ॲप खुशाल काढा.

४) ऑफिस काढण्याआधी बिल बघा. काही लॅपटॉपसोबत ते कायमचं मिळतं, काहींवर फक्त ट्रायल असते. ड्रायव्हर आणि कंपनीचं अपडेटचं ॲप राहू द्या.

बोटीच्या तळाला शेवाळ-शिंपलं धरली की आपण ती खरवडतो, पण फळी खरवडत नाही. इथंही तसंच.

स्क्रीनवर पैशांची मागणी आली तर आधी सोसायटीत या किंवा फोटो पाठवा. पैसे नंतर. बाहेरगावी शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे जरूर पाठवा.

आपला,
सचिव