उलट्या कढईवरचा कंचा

"काकाजी, भोसल्यांनी इंग्रजांना इकडं येऊच दिलं नसतं, तर मले उद्या इंग्रजीचा पेपर नसता ना जी?"

हा प्रश्न माझ्या पाचवीतल्या पुतण्याचा. दवनीवाड्यातली पावसाळी संध्याकाळ. दुपारपासून धार लागलेली, धानाच्या बांध्या काठोकाठ भरलेल्या आणि लाइट गेलेली. सपरीत मेणबत्तीभोवती चार पोरं पुस्तकं उघडून बसली होती. म्हणजे उघडी होती ती पुस्तकं, पोरं गप्पाच मारत होती.

नववीतली त्याची ताई हसली. "अभ्यास टाळायला अडीचशे वर्षं मागं पळाला हा!"

मला मात्र प्रश्न फार आवडला. असल्या प्रश्नांवर मोठमोठ्या माणसांनी गोष्टी लिहिल्या आहेत. आपल्या जयंत नारळीकरांचंच बघा ना. ताऱ्यांचा आणि विश्वाचा अभ्यास करणारा माणूस, पण 'गंगाधरपंतांचे पानिपत' नावाची एक झकास विज्ञानकथा लिहून गेला. तिच्यात इतिहासाच्या एका प्राध्यापकांना अपघात होतो आणि ते भलत्याच जगात जाऊन पोचतात. त्या जगात 1761 चं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं असतं! फरक कशानं पडला? एका गोळीनं. आपल्या जगात पेशव्यांचा मुलगा विश्वासराव याला लागलेली गोळी त्या जगात त्याच्या कानाजवळून निघून गेली. बस, एवढंच.

"मग तिथं इंग्रज नसतील!" पुतण्या आशेनं म्हणाला.

आहेत. मुंबई त्यांच्याकडेच आहे. पोराचा चेहरा पडला.

पण या 'असं झालं असतं तर'च्या खेळाचा नियम तुम्हाला सांगितलाच पाहिजे. बदल एकच करायचा, तोही जमेल तितका बारका. मग हात मागं घ्यायचे आणि पुढं काय काय होतं ते बघायचं. मधेच 'आणि मग आपल्याला विमानं मिळाली' असं घुसडायचं नाही. तुम्ही शाळेत मटकीच्या दोन वाट्या ठेवता, एक उजेडात, एक अंधारात. पाणी तेवढंच, मटकी तीच. बदल फक्त उजेडाचा. म्हणूनच शेवटी जो फरक दिसतो तो कशामुळे, हे छातीठोक सांगता येतं. इतिहासाची दुसरी वाटी मात्र कुणालाच मिळत नाही, ती डोक्यातच मांडावी लागते.

तर चला, आपली वाटी मांडू. आणि लांब पानिपतला कशाला जायचं? वैनगंगेकाठचा आपला हा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा. पहिल्या रघूजींना चार मुलगे होते, जानोजी, मुधोजी, साबाजी आणि बिंबाजी. जानोजी 1772 मध्ये वारले. त्यांना मूल नव्हतं, म्हणून मुधोजींचा मुलगा रघूजी याला त्यांनी दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. पण मुलगा लहान, मग कारभार कुणी करायचा? मुधोजी म्हणाले मी, साबाजी म्हणाले मी. भाऊ भावावर फौज घेऊन निघाला.

अशा भांडणाला मराठीत फार जुना शब्द आहे, यादवी. कृष्णाचे यादव आपसातच लढून संपले ना, त्यावरून. बाहेरचा शत्रू नाही, घरातलाच.

ही यादवी तीन वर्षं चालली आणि 26 जानेवारी 1775 ला नागपूरच्या दक्षिणेला पाचगावला संपली. कशी संपली ते ऐका. सांगतात की साबाजींची सरशी होत आली होती. मुधोजींचा हत्ती घेरला गेला. आता भावाला धरायचंच, म्हणून साबाजींनी आपला हत्ती थेट त्याच्याकडे घातला. तेवढ्यात मुधोजींनी पिस्तूल झाडलं आणि साबाजी ठार झाले. एका गोळीत यादवी खलास. नारळीकरांच्या गोष्टीतली गोळी चुकते, ही बरोबर लागली.

"आणि चुकली असती तर?" ताईनं पुस्तक मिटलं.

इथं मला आईची कढई लागली.

"ती कशाला?" आई चुलीपुढून ओरडली. "भजे तळायचे हायेत अजून!"

"पाच मिनिटं," म्हणालो आणि कढई आणून मेणबत्तीजवळ सरळ ठेवली. पुतण्याच्या खिशात कंचा होताच, असतोच. त्याला म्हटलं, सोड कढईत, पाहिजे तिथून. त्यानं काठावरून सोडला, कंचा दोनचार हेलकावे खाऊन बुडाशी. दुसऱ्या काठावरून सोडला, तरी बुडाशी. ताईनं फुंकर मारली, बोटानं ढकलला, तरी शेवटी बुडाशीच.

मग कढई पालथी घातली. गोल बुडाच्या अगदी शेंड्यावर कंचा ठेवायचा. आता गंमत झाली. एकदा तो दाराकडे गेला, एकदा माझ्या पायावर, एकदा पुस्तकावर काजळीची रेघ ओढून गेला. ठेवणारा हात तोच, जागा डोळ्यांना तीच. पण केसभर इकडं ठेवला की दार, केसभर तिकडं ठेवला की पाय.

एडवर्ड लोरेन्झ नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाला हे 1961 मध्ये असंच कळलं, फक्त त्याच्याकडे कढईच्या जागी संगणक होता. तो संगणकावर हवामानाची गणितं चालवायचा. एकदा आधीचंच गणित मधूनच पुन्हा चालवायचं म्हणून त्यानं आकडे हातानं भरले. खरा आकडा होता 0.506127, त्यानं भरला 0.506. फरक किती? चार हजार रुपयांत एक रुपया. एवढ्यानं काय होतंय, असं समजून तो कॉफी प्यायला गेला. परत येऊन बघतो तर संगणकातलं हवामान आधीच्या गणिताशी थोडा वेळ जुळलं होतं आणि मग पार वेगळ्याच वाटेला लागलं होतं. त्यातूनच पुढं ती प्रसिद्ध गोष्ट निघाली, एकीकडे फुलपाखरानं पंख हलवले तर दूर कुठंतरी वादळ येऊ शकतं ही. पाऊस नेमका कधी येणार हे महिनाभर आधी कुणालाच सांगता येत नाही, ते याच्यामुळे. आपल्या रोवणीचे हाल उगीच नाहीत होत.

आता खरा प्रश्न. 1775 ची कढई सरळ होती की पालथी? म्हणजे बारक्या बदलानं शेवट तोच राहिला असता, की पार बदलला असता?

त्यासाठी पुण्याकडे बघायला हवं, कारण गंमत म्हणजे त्याच वर्षी तिथंही यादवीच होती. माधवराव पेशवे 1772 मध्ये गेले. त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला, पण 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात त्याचा खून झाला. चुलता रघुनाथराव म्हणजे राघोबादादा गादीवर बसले. बाकी कारभाऱ्यांना ते पटेना. पुढच्या वर्षी नारायणरावांच्या बायकोला मुलगा झाला, आणि कारभाऱ्यांनी त्या तान्ह्या बाळालाच पेशवा केलं, सवाई माधवराव. राघोबादादांना पळावं लागलं. पळून कुठं गेले, तर इंग्रजांकडे. मार्च 1775 मध्ये सुरतेला तह झाला. इंग्रजांनी 2,500 सैनिक द्यायचे, बदल्यात राघोबांनी साष्टी आणि वसई द्यायची.

साष्टी म्हणजे मुंबईच्या उत्तरेला लागून असलेलं बेट. ठाणे त्याच्यावरच.

"म्हणजे घरच्या भांडणात शेजाऱ्याला बोलावलं," ताई म्हणाली.

हो, आणि त्याला अंगण लिहून दिलं. तर मग आपला एकच बदल करू या. राघोबांनी इंग्रजांना बोलावलंच नाही. आता हात मागं घ्या. काय होईल?

"इंग्रज मुंबईतच राहतील!" पुतण्या ओरडला. त्याला पेपर दिसत होता.

इथंच मी त्याला पकडलं. कारण तह मार्च 1775 चा, पण ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला तो डिसेंबर 1774 मध्ये, तहाच्या दोन-अडीच महिने आधीच! म्हणजे पाहुणा बोलावण्याची वाट बघत नव्हता, आधीच अंगणात येऊन बसला होता. पुढं सात वर्षं लढाया झाल्या. 1779 च्या जानेवारीत तर इंग्रजांच्या फौजेला जड तोफा तळ्यात ढकलून मागं फिरावं लागलं आणि वडगावला मराठ्यांनी तिला असं कोंडलं की शेवटी शरण येऊन तहावर सही करावी लागली. आणि तरी 1782 च्या सालबाईच्या तहात काय ठरलं? सवाई माधवराव पेशवा, राघोबांना पेन्शन, आणि साष्टी इंग्रजांचीच. कंचा हेलकावे खाऊन खाऊन बुडाशी. साष्टीपुरती तरी ती कढई मला सरळ दिसते.

पोरं जरा हिरमुसली. पण थांबा, सगळीकडे तसं नाही.

जगाच्या दुसऱ्या टोकाला एप्रिल 1775 मध्ये अमेरिकेतले लोक इंग्रजांच्याच राज्याविरुद्ध उठले होते. 1778 मध्ये फ्रान्स त्यांच्या मदतीला उतरला. त्याच्या आदल्याच वर्षी सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच माणूस पुण्यात येऊन तिथले कारभारी नाना फडणीस यांच्याशी बोलणी करत होता. इंग्रजांची झोपच उडाली. आता समजा, त्या फ्रेंचामागून फ्रान्सची मोठी फौज खरंच कोकणात उतरली असती...

"तर इंग्रजीचा पेपर नसता!"

"फ्रेंचचा असता," ताईनं सांगितलं. पुतण्यानं कपाळाला हात लावला.

आणि मला सगळ्यात जास्त गंमत वाटते ती आपल्या बाजूच्या कंच्याची. पाचगावला जिंकलेले मुधोजी आता नागपूरचा कारभार बघत होते. कलकत्त्यात इंग्रजांचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यानं विचार केला, पुण्याला नमवायचं तर नागपूर आपल्या बाजूला हवं. 1777 च्या अखेरीला साताऱ्याचे छत्रपती रामराजे वारले होते. मुधोजीही आडनावानं भोसलेच. मग त्यांना सुचवायचं की छत्रपतींच्या गादीवर हक्क सांगा, आम्ही पाठीशी आहोत. हे बोलायला अलेक्झांडर इलियट नावाचा एक तरुण वकील, म्हणजे दूत, कटकच्या वाटेनं नागपूरला निघाला. आमच्या पूर्वेला, आताच्या छत्तीसगडात सारंगढजवळ, सप्टेंबर 1778 मध्ये तो आजारानं वारला. नागपूर राहिलंच. तिकडं इंग्रजांची एक फौज नर्मदेकाठी नागपूरच्या उत्तराची वाट बघत थांबली. मुधोजींनी ना हो म्हटलं, ना नाही म्हटलं. शेवटी फौज कंटाळून सुरतेकडे निघून गेली.

इलियट जगला असता तर? मुधोजी हो म्हणाले असते तर? की पाचगावला गोळी चुकली असती आणि हे बोलणं साबाजींशीच झालं असतं, तर? साबाजी काय म्हणाले असते ते मला सांगता येत नाही, तुम्हालाही नाही. इथं कंचा अगदी शेंड्यावर आहे. मला विचाराल तर गोष्ट लिहायची तर ती इथून लिहावी, साष्टीतून नाही.

"पण आपल्या गावात काय बदललं असतं?" इतका वेळ गप्प बसलेली शेजारची मुलगी म्हणाली.

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. आपल्या जगात तिसरे रघूजी 1853 मध्ये वारसाशिवाय वारले आणि पुढच्या वर्षी इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसी यानं नागपूरचं राज्य खालसा केलं, म्हणून हा मुलूख इंग्रजांकडे गेला. साबाजींची गादी असती तर ते रघूजी नसते, त्यांचं बिनवारस जाणं नसतं. सारा गोळा करणारे, नकाशे काढणारे, गोंदियावरून रेल्वे नेणारे, सगळे कदाचित दुसरे असते, कदाचित उशिरा आले असते. पण मृगात पाऊस पडलाच असता. पऱ्हे टाकावेच लागले असते. बांधीचा धुरा फुटला तर चिखलात उतरून तो बुजवणारी बाई साबाजींच्या राज्यातही अशीच असती, डोक्यावर पोतं घेऊन.

"अन् कढईही लागलीच असती!" आई दारात उभी होती. "द्या आता."

पुतण्यानं घाईघाईत शेवटचा म्हणून कंचा शेंड्यावर ठेवला आणि बोट काढलं. कंचा क्षणभर थांबला. खरंच थांबला, आम्ही सगळ्यांनी बघितलं. मग कुठल्या कुठं घरंगळला, धानाच्या पोत्यांमागं टक्क असा आवाज आला आणि मेणबत्तीच्या उजेडात कुणालाच सापडेना.

आईनं कढई उचलली, पदरानं पुसली, सरळ करून चुलीवर ठेवली आणि तेल ओतलं.