माफीआधीचा हिशेब

नागपुरात झिरो माइलजवळ गोवारी शहीद स्मारक आहे. दरवर्षी २३ नोव्हेंबरला विदर्भातल्या गावागावांतून माणसे इथे येतात, फुले वाहतात, घोषणा देतात. सीताबर्डीच्या उड्डाणपुलालाही आदिवासी गोवारी शहिदांचेच नाव आहे.

१९९४ साली याच तारखेला, हिवाळी अधिवेशन चालू असताना, पिढ्यानपिढ्या गुरे राखणारा गोवारी समाज हजारोंच्या संख्येने विधानभवनावर मोर्चा घेऊन आला. मागणी एकच होती: अनुसूचित जमातीच्या सवलती द्या. मोर्चा वाटेतच अडवला गेला. संध्याकाळी लाठीमार झाला, पळापळ उडाली आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. त्यात बायका आणि लेकरेच जास्त.

आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. चौकशीसाठी नेमलेल्या दाणी आयोगाने मात्र कोणालाही दोषी धरले नाही. पुढे विशेष मागास प्रवर्गात आरक्षण मिळाले, पण मूळ मागणी कोर्टात गेली. १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मधल्या काळात मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या तेवढ्या शाबूत राहिल्या.

मागणी कायद्यात बसते की नाही, हा एक प्रश्न. ती मांडायला आलेली माणसे जिवानिशी गेली, हा दुसरा. पहिल्याचा निकाल लागला म्हणून दुसरा मिटत नाही.

असा हिशेब दक्षिण आफ्रिकेने मांडून पाहिला. तिथे वर्णभेद संपल्यावर आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य व सलोखा आयोग बसला. एप्रिल १९९६ पासून पीडितांनी भर सभेत आपली कहाणी सांगितली. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण कबुली देणाऱ्यालाच माफी मिळू शके. तरीही पोलीस कोठडीत मारले गेलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने या तरतुदीलाच कोर्टात आव्हान दिले. त्यांना न्याय हवा होता. पीडितांना २००३ मध्ये प्रत्येकी ३०,००० रँड मिळाले, तेही आयोगाने सुचवले होते त्याहून कितीतरी कमी. सलोख्यासाठी ज्या देशाचा जगभर गौरव झाला, तिथेही देणे अर्धवटच राहिले.

आपल्याकडे तर कबुलीपासूनच सुरुवात व्हायची आहे. अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येतेच. १९९४ च्या चेंगराचेंगरीतून वाचलेल्यांना सभागृहासमोर बोलावून त्यांची साक्ष कामकाजात नोंदवावी आणि जबाबदारी कोणाची, हे सरकारने स्पष्ट सांगावे. माफ करायचे की नाही, हे त्यानंतर गोवारी कुटुंबे ठरवतील.