दोन करंडक, आठ-आठ धावा आणि घरचे सामने शून्य

२०१९ चा अंतिम सामना : हुबळी टायगर्स १५२, बेल्लारी टस्कर्स १४४. २०२३ चा अंतिम सामना : हुबळी टायगर्स २०३, म्हैसूर वॉरियर्स १९५. दोन्ही वेळा फरक आठ धावांचा. पहिल्या सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २९६ धावा काढल्या, त्यात आठ म्हणजे २.७ टक्के. दुसऱ्यात ३९८, त्यात आठ म्हणजे दोन टक्के. एक चौकार कमी बसला असता आणि एक झेल सुटला असता, तर हुबळीच्या नावावर आज एकही करंडक नसता. कर्नाटकाच्या राज्य पातळीवरील टी-२० स्पर्धेत या शहराच्या संघाने मिळवलेली दोन विजेतेपदे अशी काठावरची आहेत.

पण माझ्या मते या संघाचा सगळ्यांत महत्त्वाचा आकडा आठ नाही. तो शून्य आहे. २०२२ पासून ही स्पर्धा ‘महाराजा ट्रॉफी’ या नावाने खेळली जाते. संघ सहा, प्रत्येकाला साखळीत दहा सामने. निम्मे घरी आणि निम्मे बाहेर असा साधा हिशेब धरला, तर टायगर्सच्या वाट्याला वर्षाला पाच घरचे सामने यायला हवेत. २०२२ ते २०२५ या चार हंगामांत वीस. प्रत्यक्षात हुबळीत झालेले सामने : शून्य. २०२२ मध्ये स्पर्धा म्हैसूर आणि बंगळुरूत झाली, २०२३ आणि २०२४ मध्ये सगळी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर, २०२५ मध्ये सगळी म्हैसुरात. दोन्ही करंडकही बाहेरच जिंकलेले आहेत, पहिला म्हैसुरात, दुसरा बंगळुरूत.

२०२५ चे उदाहरण जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी ४ जूनला आयपीएल विजयाच्या जल्लोषात चिन्नास्वामीबाहेर चेंगराचेंगरी होऊन अकरा जणांचा जीव गेला, आणि ऑगस्टमधली ही स्पर्धा बंगळुरूतून हलवावी लागली. म्हणजे दुसरे शहर शोधणे आपसूकच आले होते. तरीही स्पर्धा अख्खी म्हैसूरला गेली, तिचा एखादा टप्पासुद्धा उत्तरेकडे सरकला नाही.

अमरगोळच्या माणसासाठी याचा अर्थ काय, तो किलोमीटरमध्ये मोजता येतो. अमरगोळ हे हुबळी आणि धारवाड यांच्या मधल्या पट्ट्यातले गाव. जुनी चालुक्यकालीन देवळे आणि आता शेतमालाचे मोठे मार्केट यार्ड ही त्याची ओळख. दोन शहरांना जोडणाऱ्या साधारण बावीस किलोमीटरच्या बीआरटीएस मार्गावरून ‘चिगरी’ बस पकडली की हुबळीत पोहोचता येते आणि कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेचे राजनगरचे मैदान हुबळीतच आहे. मात्र टायगर्सना खेळताना पाहायचे, तर बंगळुरू चारशे किलोमीटरच्या पलीकडे. पुणेही जवळजवळ तितकेच लांब. घरच्या संघाची मॅच बघायला एका बाजूचे अंतर पुण्याएवढे पडत असेल, तर माणूस मोबाइलवर स्कोअर बघून गप्प बसतो. त्यात त्याचे काही चुकत नाही.

छोट्या शहराचा संघ चालतो कसा, याचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतल्या मायनर लीग बेसबॉलचे. तिथे मोठ्या शहरांतल्या तीस बड्या संघांच्या हाताखाली एकूण १२० छोटे संघ आहेत, प्रत्येकी चार. खेळाडूचा पगार बडा संघ देतो. छोट्या शहराने मैदान सांभाळायचे, तिकिटे विकायची आणि उन्हाळाभर लोकांना जागा द्यायची. सर्वांत वरच्या ‘ट्रिपल-ए’ पातळीवर हंगामात १५० सामने असतात, म्हणजे घरचे ७५. सर्वांत खालच्या पातळीवरही १३२, म्हणजे घरचे ६६. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहराची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत दोन लाख ८३ हजारांच्या आसपास होती. तिथला ‘डरहॅम बुल्स’ हा संघ आपली सुरुवात १९०२ पासून मोजतो आणि दहा हजारांच्या मैदानावर वर्षाला पाऊणशे घरचे सामने खेळतो. हुबळी-धारवाड महापालिकेची लोकसंख्या २०११ मध्येच सुमारे नऊ लाख ४४ हजार होती. डरहॅमच्या तिप्पट माणसे, आणि घरचे सामने पंचाहत्तराच्या जागी शून्य.

अमेरिकेत सगळे आलबेल आहे असे मात्र समजू नये. २०२० चा मायनर लीग हंगाम करोनामुळे संपूर्ण रद्द झाला आणि पुढच्याच वर्षी बड्या संघांच्या मेजर लीगने हाताखालच्या संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. चाळीस शहरांचा आधार एका कागदावर गेला. पगाराचेही तसेच. २०२३ मध्ये खेळाडू संघटनेबरोबर करार होईपर्यंत तो इतका तुटपुंजा होता की अनेक जण हंगाम संपल्यावर दुसरी नोकरी धरत. करारानंतरही सर्वांत खालच्या पूर्ण हंगामाच्या पातळीवर वर्षाला २६,२०० डॉलर. त्या देशाच्या मानाने ही काही चैन नव्हे. तरीही ज्या शहराचे नाव संघाच्या छातीवर, त्या शहराला संघ दिसतो, हा नियम तिथे मोडत नाही. २०२३ मध्ये या १२० संघांचे सामने पाहायला तीन कोटींहून अधिक प्रेक्षक आले.

आपल्याकडचा इतिहास तुटक आहे. कर्नाटक प्रीमियर लीग २००९ मध्ये सुरू झाली, २०१० ला दुसरा हंगाम झाला आणि मग तीन वर्षे बंद. २०१४ ला पुन्हा सुरू झाली ती २०१९ पर्यंत सलग. नंतर २०२० आणि २०२१ रिकामी. २०२२ पासून नवे नाव, ते संघटनेचे अध्यक्ष राहिलेले म्हैसूरचे श्रीकंठदत्त नरसिंहराज वडियार यांच्या स्मरणार्थ. २००९ ते २०२५ या सतरा वर्षांत बारा हंगाम झाले आणि पाच वर्षे कोरी गेली. प्रीमियर लीगच्या काळातल्या काही हंगामांत राजनगरच्या मैदानावर सामने झाले होते, हे आवर्जून सांगायला हवे. म्हणजे मैदान अपुरे आहे, शहरात हॉटेले नाहीत, असली सबब टिकणारी नाही.

२०१९ नंतरची रिकामी वर्षे नुसती करोनाची नव्हती. टायगर्सचा पहिला करंडक घरी येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच बंगळुरू पोलिसांनी सट्टेबाजी आणि निकालनिश्चितीच्या तपासात धरपकड सुरू केली. सप्टेंबरमध्ये बेळगाव संघाच्या मालकाला अटक झाली. नोव्हेंबरमध्ये बेल्लारीच्या दोन खेळाडूंना. अंतिम सामन्यात मुद्दाम संथ फलंदाजी करण्यासाठी वीस लाख रुपये घेतल्याचा त्यांच्यावर आरोप होता. सामना तोच, १५२ विरुद्ध १४४. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने खटला रद्द केला. निकालनिश्चिती हा अप्रामाणिकपणा असू शकतो, त्यावर क्रिकेट मंडळ कारवाई करू शकते, पण भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खालची फसवणूक त्यातून सिद्ध होत नाही, असा त्या निकालाचा आशय. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपले. पण टायगर्सच्या पहिल्या विजेतेपदाची गोष्ट निघाली की ‘त्या वर्षीचं ते प्रकरण’ही निघतेच, आणि यात टायगर्सचा काहीही दोष नाही.

दुसऱ्या करंडकामागे असे काही चिकटलेले नाही. २९ ऑगस्ट २०२३ ला मोहम्मद ताहाने ४० चेंडूंत ७२ धावा केल्या, कर्णधार मनीष पांडे ५० वर नाबाद राहिला. म्हैसूरकडून समर्थने ६३ काढून सामना शेवटच्या षटकांपर्यंत ओढत नेला.

२३ ऑगस्ट २०२४ च्या सामन्याने तर स्कोअरबोर्डवाल्याचीही परीक्षा पाहिली. टायगर्स १६४, बंगळुरू ब्लास्टर्स १६४. पहिली सुपर ओव्हर १०-१०. दुसरी ८-८. तिसरीत ब्लास्टर्सच्या १२ धावा, आणि टायगर्सच्या क्रांतिकुमारने शेवटच्या चेंडूवर चौकार मारून त्या ओलांडल्या. पुढे जून २०२५ मध्ये ग्लासगोला नेपाळ आणि नेदरलँड्स यांचा सामना तिसऱ्या सुपर ओव्हरपर्यंत गेला, तेव्हा व्यावसायिक पुरुष क्रिकेटमध्ये असे प्रथमच घडल्याच्या बातम्या आल्या. हुबळीच्या संघाने तेच दहा महिने आधी केले होते. पण राज्य संघटनांच्या अशा स्पर्धांना अधिकृत टी-२० चा दर्जा नसतो, त्यामुळे विक्रमांच्या वहीत त्या मोजल्याच जात नाहीत. याच न्यायाने २०१९ मध्ये बेल्लारीच्या कृष्णप्पा गौतमने एकाच सामन्यात नाबाद १३४ धावा काढून १५ धावांत ८ बळी घेतले, तेही वहीबाहेर राहिले. अमेरिकेत मायनर लीगचा विक्रम निदान मायनर लीगचा म्हणून तरी नोंदला जातो.

पैशांचे आकडे पाहिले की या स्पर्धेची खरी जागा कळते. २०२५ च्या लिलावात टायगर्सनी देवदत्त पडिक्कलला १३ लाख २० हजारांना घेतले, तीच त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली. त्याच वर्षीच्या आयपीएलसाठी पडिक्कलचा भाव होता दोन कोटी. चौदा साखळी सामन्यांनी भागले, तर एका सामन्याला १४ लाख २८ हजार. म्हणजे टायगर्सचा सर्वांत महागडा खेळाडू अख्ख्या हंगामात जेवढे कमावतो, त्याहून अधिक रक्कम आयपीएलच्या एका सामन्याच्या वाट्याला येते. मग तो इथे का खेळतो? बड्या नावांना बहुधा सराव हवा असतो. ज्यांना नाव कमवायचे आहे, त्यांच्यासाठी मात्र ही शिडी आहे. अभिनव मनोहरने २०२४ मध्ये शिमोग्याकडून ५०७ धावा आणि ५२ षटकार मारले, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये आयपीएलच्या लिलावात हैदराबादने त्याला तीन कोटी २० लाख दिले. पुढच्या वर्षी तो टायगर्सकडे आला, १२ लाख २० हजारांना. टायगर्सचा वेगवान गोलंदाज मन्वंतकुमार दिल्लीकडे गेला तो ३० लाखांत. शिडी चांगली चालते आहे, फक्त तिचा पाय हुबळीत टेकलेला नाही.

राजनगरचे मैदान मात्र ओस पडलेले नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये भारत ‘अ’ संघाकडून वेस्ट इंडीज ‘अ’ विरुद्ध चेतेश्वर पुजाराने याच मैदानावर नाबाद ३०६ धावा काढल्या. जानेवारी २०२४ मध्ये रणजी सामन्यात पंजाबविरुद्ध पडिक्कलने इथेच १९३ आणि मनीष पांडेने ११८ केल्या. टायगर्सच्या दोन कर्णधारांची ही शतके हुबळीकरांनी पाहिली ती कर्नाटकाच्या पांढऱ्या कपड्यांत. त्याही आधी हे शहर उत्तर कर्नाटकातल्या पोरांचे क्रिकेटचे ठिकाण होतेच. गदगचा सुनील जोशी पहाटेची गाडी पकडून सरावाला हुबळीला यायचा आणि शाळेच्या वेळेला परत गाठायचा. पुढे १९९९ मध्ये नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याचे पृथक्करण होते १० षटके, ६ निर्धाव, ६ धावा, ५ बळी.

हे दुखणे कर्नाटकाचेच आहे असे म्हणून महाराष्ट्राने हसू नये. २०२३ ला सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये पुणेरी बाप्पासाठी १४ कोटी ८० लाख आणि कोल्हापूर टस्कर्ससाठी ११ कोटी ७० लाखांची बोली लागली. पहिल्या दोन्ही वर्षी विजेता ठरला रत्नागिरी जेट्स. रत्नागिरी शहराची २०११ ची लोकसंख्या अवघी ७६ हजार, त्या मानाने पराक्रम केवढा! पण दोन्ही हंगाम गहुंजेला झाले. कोल्हापूर, नाशिक, सोलापूर, सगळ्यांचे ‘घर’ एकच, पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या कडेला.

एकाच मैदानावर स्पर्धा उरकण्यामागचे गणित उघड आहे. कॅमेऱ्यांचा एकच ताफा, सहा संघांना हॉटेले एकाच गावात, एका दिवशी एका खेळपट्टीवर दोन सामने, आणि प्रक्षेपणाचा खर्च आटोक्यात. उत्पन्न तिकीटखिडकीवर नसून प्रायोजकांवर आणि पडद्यावर असेल, तर शहराचे नाव पुरते, शहर लागत नाही. त्यात ऑगस्ट महिना. ऑक्टोबरपासून रणजी आणि देशांतर्गत हंगाम, मार्च ते मे आयपीएल, त्यामुळे या स्पर्धेला पावसाचेच दिवस उरतात. २०२५ च्या अंतिम सामन्यात टायगर्स मंगळूर ड्रॅगन्सकडून हरले ते पावसाच्या हिशेबावर, व्हीजेडी पद्धतीने १४ धावांनी, आणि तोही सामना म्हैसूरचा. हुबळीत पाऊस पडेल ही भीती असेल, तर तो म्हैसुरातही पडतो.

वीस सामन्यांची थकबाकी एकदम कोणी मागत नाही. सहा संघांची साखळी तीस सामन्यांची असते. त्यातला सहावा हिस्सा, म्हणजे पाच सामने, एका आठवड्यात राजनगरला बसवता येतात. एक आठवडा, एक जादा प्रक्षेपण गाडी, सहा संघांचा रेल्वेप्रवास, एवढाच तो खर्च. २०१९ च्या आधी संघटनेने तो केलेला आहे, त्यामुळे बिल किती येते हे तिच्या हिशेबनिसाला ठाऊक आहे.