जरा सरकून घ्या!

गिरगाव चौपाटीवर भेळ खाता खाता वारा सुटला आणि माझ्या भाच्याच्या डोळ्यात वाळूचा कण गेला. भेळेचा कागद माझ्या हातात कोंबून पठ्ठ्या डोळा चोळायला लागला. "अरे, चोळू नकोस!" म्हणेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. डॉक्टरांनी डोळ्यात केशरी थेंब टाकला, निळा दिवा धरला, तर बुबुळावर हिरवीगार रेघ चमकली. ओरखडा!

"मावशी, आता खपली धरेल?"

डोळ्यावर खपली! मग दिसणार कसं? बुबुळावर जी पारदर्शक काच असते ना, ती म्हणजे पारपटल. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून खपलीही नाही. प्राणवायू ती हवेतून, अश्रूंमार्फत घेते.

मग जखम भरते कशी? हाकाहाकीने! पारपटलावर पेशींचे पाच-सात थर असतात. त्यातली एखादी फुटली की तिचं इंधन, म्हणजे एटीपी, बाहेर सांडतं. चाळीत एका खोलीत रॉकेल सांडलं की गॅलरीभर वास सुटायचा, तसं. (रॉकेल म्हणजे काय, ते आजीला विचारा.) शेजारणीला वास लागतो, तिच्यात कॅल्शियम उसळतं, ती पुढचीला कळवते. काही सेकंदांत बोंबाबोंब!

पुढे दादरच्या लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी म्हणतात तेच: जरा सरकून घ्या. कडेच्या पेशी चपट्या होतात, पकड ढिली करतात आणि जखमेवर सरकतात. जखमेपाशी अगदी बारीकशी वीज वाहते, तीही त्यांना वाट दाखवते. नव्या पेशी जन्मतात त्या मागाहून. त्यासाठीचा एक निरोप अश्रूंतच असतो: ईजीएफ नावाचं प्रथिन. स्टॅन्ली कोहेन यांनी ते शोधलं, कारण ते असलेला अर्क टोचलेल्या उंदराच्या पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडले! १९८६ साली त्यांना नोबेल मिळालं. भाच्याची रेघ दोन दिवसांत गायब झाली.

नव्या पेशींचं कोठार असतं बुबुळाच्या काळ्या-पांढऱ्या सीमेवर. पानाचा चुना डोळ्यात उडाला तर ते कोठारच जळू शकतं. (लगेच भरपूर पाण्याने डोळा धूत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा!) अशा डोळ्यांसाठी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी २०१२ साली एक युक्ती मांडली. चांगल्या डोळ्याच्या सीमेवरून दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आणखी बारीक तुकडे करायचे आणि जखमी डोळ्यावर पेरून चिकटवायचे. पेशी तिथून सरकत सरकत पसरतात.

"म्हणजे भेळेवर शेव!" भाचा म्हणाला.