रिकाम्या टाकीतली वर्दळ

मासा आज येणार नाही, सई. पुढच्या रविवारीही नाही. बाबांनी टाकी आणली, दिवा आणला, पंप आणला आणि तो नारंगी-पांढरा निमो तेवढा दुकानातच ठेवून आले, म्हणून तुझं तोंड फुगलंय. पण त्यात बाबांचा काही दोष नाही. मीच त्यांना थांबवलं. या टाकीत माशाच्या आधी दुसरं कुणीतरी राहायला यायला हवं. ते कोण, ते डोळ्यांना का दिसत नाही आणि न दिसताही ते आल्याचं कळतं कसं, याची गोष्ट चांगली लांबलचक आहे. तिच्यात फ्रान्सचं सांडपाणी आहे, इंग्लंडमधले बाप-लेक आहेत आणि टाकीत न जाणारी एक कोलंबीही आहे. बस अशी.

आधी पाणी. तुला वाटतं, समुद्राचं पाणी म्हणजे खारं पाणी, बरणीतलं मीठ ओतलं की झालं. समुद्राचं एक किलो पाणी आटवलं तर साधारण ३५ ग्रॅम क्षार उरतात. त्यांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपलं मीठच. पण उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बाकी बरीच मंडळी थोडीथोडी असतात, आणि समुद्रातल्या जिवांना ती सगळी लागतात. म्हणून मत्स्यटाकीसाठी तयार केलेलं समुद्री मीठच घ्यायचं. आपल्या टाकीत वाळू-दगड सोडून पाणी मावेल १०० लिटर, म्हणजे मीठ लागेल साडेतीन किलोच्या वर.

काय म्हणालीस? गणपतीपुळ्याहून कॅन भरून आणू? आणता येईल गं, पण किनाऱ्यालगतचं पाणी पावसाळ्यात नद्यांच्या पुरानं गोडसर आणि गढूळ होतं, आणि त्यातले बारीक जीव कॅनमध्ये मरून वाटेतच पाणी नासवतात. नळाचं पाणीही चालणार नाही. त्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेला असतो, आणि आपल्याला तर जंतूच पाळायचेत. म्हणून आरओचं, क्षार पार काढून टाकलेलं पाणी घ्यायचं, त्यात मीठ घालायचं आणि रात्रभर पंपानं घुसळत ठेवायचं.

सकाळी हा खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घे. काचेवर पाण्याचे दोन थेंब टाक, वरचं झाकण असं दाब की बुडबुडा राहणार नाही, आणि खिडकीकडे तोंड करून आत बघ. वर निळं, खाली पांढरं, मध्ये एक रेघ. ती रेघ ३५ वर आली की पाणी झालं समुद्राचं. शेजारी १.०२६ च्या आसपासचा आकडा दिसेल. तो पाण्याच्या घनतेचा, तोही बरोबरच आहे.

आता हे पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतंय, तरी मासा का सोडायचा नाही?

मासा खातो ती बहुतेक प्रथिनं. ती पचली की अमोनिया तयार होतो आणि मासा तो मुख्यतः कल्ल्यांतून सारखा बाहेर टाकत असतो. समुद्रात तो अथांग पाण्यात विरून जातो. इथे जाणार कुठे? शिवाय अमोनियाची दोन रूपं असतात, एक फारसं त्रास न देणारं आणि एक जहरी. पाणी जितकं अल्कधर्मी, तितकं जहरी रूप जास्त. समुद्राचं पाणी अल्कधर्मीच, त्याचा पीएच ८.२ च्या जवळपास. त्यामुळे गोड्या पाण्याच्या साध्या टाकीत, पीएच ७ असताना, जेवढा जहरी अमोनिया असेल त्याच्या दहापटीच्या आसपास तो इथे असतो. नव्या टाकीत घाईनं सोडलेले मासे त्यामुळेच दगावतात, आणि दुकानदाराला वाटतं गिऱ्हाईकाचा हात वाईट.

आता फ्रान्समध्ये चल. १८७७ साल. श्लोझिंग आणि म्युन्ट्झ नावाचे दोन रसायनशास्त्रज्ञ. शहराचं सांडपाणी जमिनीत मुरलं की शुद्ध होतं, ते कसं, हा त्यांना पडलेला प्रश्न. त्यांनी काचेची एक लांब नळी वाळू आणि चुनखडीच्या पुडीनं भरली आणि वरून सांडपाणी अगदी सावकाश सोडत राहिले. खाली येणारं पाणी तपासलं तर अमोनिया जसाच्या तसा. असे २० दिवस गेले. आणि मग खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागलं, अमोनिया नाहीसा होत गेला.

इथे थांब आणि विचार कर. ही नुसती रसायनांची करामत असती, तर ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. वाळू तीच, हवा तीच, पाणी तेच. मग २० दिवस कशाची वाट पाहिली? त्या दोघांना शंका आली की नळीत काहीतरी जिवंत आहे आणि ते वाढायला वेळ घेतंय. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद पडलं! क्लोरोफॉर्म काढून टाकला, तरी काम बंदच. मग चिमूटभर बागेतली माती पाण्यात खळबळून ते पाणी वरून ओतलं, आणि थोड्या दिवसांत नायट्रेट पुन्हा येऊ लागलं. मला विचारशील तर विज्ञानातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी हा एक आहे, आणि तुझ्या टाकीत आता नेमका तोच होणार आहे.

इंग्लंडमधल्या बाप-लेकांची गंमत तर याहून भारी. बाप रॉबर्ट वॉरिंग्टन, लंडनमधला रसायनतज्ज्ञ. १८५० च्या सुमाराला त्यानं काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि कुजकी पानं खाणाऱ्या गोगलगाई ठेवल्या, आणि पाणी न बदलता सगळे जगतात हे दाखवलं. घरात मत्स्यटाकी ठेवायची हौस युरोपात पसरली त्यामागे या प्रयोगाचा मोठा हात आहे. श्रेय त्यानं वनस्पतीला दिलं आणि गोगलगाईंना दिलं. त्याच्या मुलाचं नावही रॉबर्टच. तो रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीतल्या नायट्रेटचा माग काढत बसला, आणि त्यानं दाखवलं की हे काम एकाच्यानं होत नाही. अमोनियाचं नायट्राइट करणारे जीव वेगळे, नायट्राइटचं नायट्रेट करणारे वेगळे. बापाच्या टाकीत तळाशी निमूट काम करणारी जमात मुलानं शेतातल्या मातीत शोधली! पण ते जीव वेगळे काढून दाखवणं काही त्याला साधलं नाही. ते साधलं १८९० मध्ये झुरिचला, सर्गेई विनोग्राद्स्कीला. बाकीचे लोक जिवाणूंना पौष्टिक जिलेटिन खायला घालत होते. विनोग्राद्स्कीनं सेंद्रिय असं काही दिलंच नाही, नुसते क्षार आणि अमोनिया. पक्वान्नावर वाढणारे सगळे उपाशी मेले आणि हे तेवढे वाढले. अमोनिया जाळून मिळेल त्या ऊर्जेवर, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर बांधणारे जीव. त्यांना सूर्यही लागत नाही.

पण अमोनियातून ऊर्जा मिळते फार थोडी. म्हणून यांची वाढ कूर्मगतीची. आपल्या आतड्यातला ई. कोलाय सोयीची जागा मिळाली तर वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतो. या मंडळींना त्यासाठी आठ-दहा तास, कधी पुरा दिवस किंवा त्याहूनही जास्त लागतो. टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात ते यामुळे. मासे पाळणारे याला टाकी सायकल करणं म्हणतात.

मग त्यांना खायला काय घालायचं? पूर्वी एखादा दणकट डॅम्सेल मासा सोडून देत, जगला तर जगला. काही दुकानदार आजही तेच सांगतात. मला ते पटत नाही, मुक्या जिवाला जहरात ठेवून आपण कसली हौस भागवायची? दुसरी रीत कोलंबीची. एक कच्ची कोलंबी सोलून टाकीत टाकायची आणि कुजू द्यायची. उपाय लागू पडतो, पण अमोनिया किती झाला याचा हिशोब राहत नाही आणि घरभर जो वास सुटतो त्यावर तुझी आई काय म्हणेल ते मी सांगायला नको. म्हणून आपण अमोनियम क्लोराइड वापरू. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात जी पांढरी पूड टाकायचा आणि धुराचा लोट उठायचा, तो नवसागर म्हणजे हाच. फक्त बाजारातला नको, प्रयोगशाळेतला शुद्ध हवा. १०० लिटरला पाऊण ग्रॅमच्या आत पुरतो. लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया झाला की बस.

आणि विरजण? दही लावताना दूध कितीही चांगलं असो, चमचाभर जुनं दही नसेल तर वाट बघत बसावं लागतं. तसं एखाद्याच्या चालू, निरोगी टाकीतली मूठभर वाळू किंवा एखादा दगड मिळाला तर आपले आठवडे वाचतात. बाटलीतले जिवाणूही मिळतात, बाटली ताजी असेल तर कामाला येतात. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात लिहिलं होतं की आपण समुद्रातले जिवंत दगड टाकीत ठेवतो आणि मासे मजेत राहतात. दगडांच्या छिद्राछिद्रांत ही सगळी जमात बसलेली असते, हे त्यामागचं इंगित. पण सई, आपल्याकडे समुद्रातून तसा दगड उचलायचा नाही. त्यावर प्रवाळ असतं, आणि खडक बांधणारं प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. मालवणला पायाशी तुकडा आला तरी तो तिथेच ठेवायचा. आपण सच्छिद्र कोरडा दगड घेतलाय, त्यावर वस्ती होईल हळूहळू.

आता रोजचा खेळ. परीक्षानळीत टाकीचं पाणी, त्यात सांगितलेले थेंब, झाकण लावून हलवायचं आणि थांबायचं. अमोनियाची नळी पिवळी राहिली तर शून्य, हिरवी झाली तर अमोनिया आहे. सुरुवातीला गर्द हिरवी येईल आणि तशीच येत राहील. हेच ते फ्रान्समधले २० दिवस. मग एखाद्या दिवशी हिरवा रंग किंचित फिका वाटेल. त्या दिवशी नायट्राइटची नळी बघ. आकाशी असायची ती जांभळी झालेली असेल. पहिली टोळी कामाला लागली! पुढे जांभळा रंग गडद होत जाईल, कारण दुसरी टोळी उशिरा येते. इथे बऱ्याच जणांचा धीर सुटतो. मग जांभळा उतरेल आणि नायट्रेटची नळी नारंगी, लाल होत जाईल. या दिवसांत दिवा बंदच ठेवू, जिवाणूंना उजेड लागत नाही आणि शेवाळाला मात्र तोच हवा असतो. पंप मात्र बंद पडू द्यायचा नाही, या मंडळींना प्राणवायू भरपूर लागतो. वीज गेली तर सेलवरचा हवेचा पंप तयार ठेवलाय.

पुढे कधीतरी वाळूवर तपकिरी साय धरेल. घाबरून घासत बसू नकोस. ते डायटम. पाण्यातल्या सिलिकापासून स्वतःला काचेची पेटी करून घेणारे एकपेशीय जीव. सिलिका संपत आली की आपोआप ओसरतात.

आणखी एक ऐक, मग पाणी पिऊन येऊ. शंभरेक वर्षं सगळ्यांना वाटत होतं की अमोनिया खाणारे म्हणजे जिवाणूच. २००५ मध्ये संशोधकांनी त्याहून निराळ्या कुळातला, आर्किआ म्हणतात त्यांतला, अमोनिया खाणारा जीव वेगळा वाढवून दाखवला. नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस, लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. त्याचे भाऊबंद महासागरातल्या सर्वांत मुबलक जिवांपैकी आहेत, हे पुढे कळलं. आणि तो सापडला कुठे? सिएटलच्या सार्वजनिक मत्स्यालयात, समुद्री टाकीच्या तळाच्या खडीत!

टाकी तयार झाली हे कसं ठरवायचं? पुन्हा अमोनियाचा तेवढाच डोस द्यायचा आणि २४ तासांनी तपासायचं. अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य, तर टाकी तयार. मग निम्मं पाणी बदलून साचलेलं नायट्रेट खाली आणायचं. दगडाच्या अगदी आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले काही जिवाणू त्याचं साधं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, पण सगळं त्यांच्यावर सोपवून चालत नाही. रोज वाफ होऊन पाणी कमी होईल, उन्हाळ्यात पंखा लावला तर जास्तच. ती भर नुसत्या आरओच्या पाण्यानं घालायची, मिठाच्या नाही. वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं, म्हणून तर मिठागरं चालतात.

मग तुझा निमो. एक नाही, दोन आणू, एक मोठा, एक लहान. मोठा मादी होईल आणि लहान नर राहील. या जातीत सगळे जन्मतः नर, जो सर्वांत मोठा तो मादी होतो. निमोच्या त्या सिनेमात आई गेल्यावर खरं तर बाबाच आई व्हायला हवा होता! त्यांना समुद्रफूल लागतंच असं नाही, नसलं तरी छान राहतात. दोघं आले की निदान महिनाभर तिसऱ्याचं नाव काढायचं नाही, कारण जिवाणू खाण्यापुरतेच वाढतात आणि जास्तीच्या तोंडांची सोय त्यांनी अजून केलेली नसते. आणि दुकानात गेल्यावर बाबांनी नव्हे, तू विचारायचं: हे मासे पैदास केंद्रातले की समुद्रातून धरलेले? आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं यांची पैदास कधीच जमवलीय, त्यामुळे समुद्रातला मासा घ्यायचं काही कारण नाही. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही तर आपण दुसऱ्या दुकानात जाऊ.