तरुणांचे स्वास्थ्य आणि विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण प्रकल्प : काय विचारावे, कसे विचारावे, पुढे काय करावे

वार्षिक अहवालात बाह्यरुग्ण विभागातील नोंदी, शस्त्रक्रिया, शिबिरे आणि जमाखर्च यांची माहिती देण्याचा प्रघात आहे. ही सारी माहिती रुग्णालयाच्या दारात आलेल्या माणसांची असते. जे दारात येतच नाहीत, त्यांच्या प्रकृतीविषयी आमच्या नोंदवह्या काही सांगू शकत नाहीत. पंधरा ते पंचवीस वर्षांचा तरुण वर्ग हा अशा न येणाऱ्यांपैकी एक प्रमुख वर्ग आहे. ताप, अपघात किंवा सर्पदंश झाला तर तो येतो. परंतु झोप लागत नाही, अभ्यासात मन लागत नाही, कोणाशी बोलावेसे वाटत नाही, या कारणांसाठी सहसा कोणी केसपेपर काढत नाही.

शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी प्रकल्पाच्या निमित्ताने गावोगाव सर्वेक्षण करतात, ते आम्हांस या कारणास्तव महत्त्वाचे वाटतात. डॉक्टर जेथे पोचत नाहीत, तेथे हे विद्यार्थी पोचतात. मात्र सर्वेक्षण नीट झाले नाही तर त्यातून चुकीचे निष्कर्ष निघतात आणि क्वचित कोणास इजाही पोचते. म्हणून असे प्रकल्प कसे असावेत, याचे विवेचन येथे आम्ही करीत आहोत.

दाराबाहेरचे आजार

दाराबाहेर जाऊन विचारले तर काय हाती लागते, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमध्ये ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक आजार आढळले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. केवळ दवाखान्यातील नोंदींवर विसंबून राहिल्यास हे चित्र कधीच दिसले नसते.

तरुणांच्या मनःस्वास्थ्याचेही असेच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले, परंतु त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. आपल्या तालुक्याविषयी काही जाणून घ्यायचे असेल, तर ते येथेच विचारून जाणून घ्यावे लागेल.

येथील परिस्थितीही वेगळी आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना येथील माणसे कमी झाली. त्याच जनगणनेत जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. याचा अर्थ आपणांस ठाऊकच आहे : घरटी कोणीतरी मुंबई-पुण्यास चाकरमानी आहे. गुहागर तालुक्याच्या उत्तरेस दाभोळची खाडी आणि दक्षिणेस जयगडची खाडी. या दोहोंमधील वाड्यांमध्ये आजी-आजोबांच्या सहवासात वाढणारी मुले थोडी नाहीत. दुसरीकडे, कोकण विभागीय मंडळ दहावीच्या निकालात सातत्याने राज्यात अग्रेसर राहिले आहे. या यशाचा अभिमान वाटावा हे योग्यच. परंतु निकालाच्या टक्केवारीवरून मुलांच्या मनाची अवस्था कळत नाही.

प्रकल्प होतात, पण पुढे काय?

विद्यार्थ्यांना समाजात पाठविण्याची व्यवस्था आपल्याकडे जुनी आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर हा तिचा परिचित भाग. मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाच्या उपक्रमांत स्त्रियांच्या सामाजिक स्थितीचे सर्वेक्षण हा एक प्रकल्प अनेक वर्षे चालत आला. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षांची मुले स्थानिक प्रश्नांवर गटाने संशोधन करतात. २०२२-२३ मध्ये तिचा मुख्य विषय परिसंस्था, आरोग्य आणि स्वास्थ्य यांच्याशी निगडित होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमांतही क्षेत्रप्रकल्प व समाजसहभाग यांना श्रेयांक देण्यात येत आहेत.

संधी आहेत, विद्यार्थीही मेहनत घेतात. उणीव राहते ती शेवटच्या टप्प्यात. अहवाल टंकलिखित होतो, त्यास बांधणी होते, गुण मिळतात आणि तो कपाटात जातो. ज्यांनी आपला वेळ देऊन उत्तरे दिली, त्यांना काय निष्पन्न झाले हे कळतच नाही. पुढच्या वर्षी नवे विद्यार्थी नवी प्रश्नावली घेऊन त्याच घरी जातात, तेव्हा घरातील माणसे ‘मागच्याचे काय झाले?’ असे विचारतात. हा प्रश्न रास्त आहे.

प्रश्न कसा असावा

‘तुम्हांला नैराश्य आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. नैराश्य हा शब्द पुस्तकी. मुले ‘मन लागत नाही’, ‘डोके जड होते’ असे सांगतात. म्हणून प्रश्न रोजच्या अनुभवाविषयी असावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १९९८ साली तयार झालेली पाच प्रश्नांची स्वास्थ्य प्रश्नावली याच धर्तीची आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत वाटले का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटले का आणि दिवसभरात मन रमेल असे काही घडले का, एवढेच तिच्यात विचारले जाते. प्रत्येक उत्तरास ० ते ५ गुण असतात. बेरीज २५ पैकी होते. तिला ४ ने गुणले की १०० पैकी गुण मिळतात. बेरीज १३ पेक्षा कमी आली तर त्या मुलाकडे अधिक लक्ष द्यावे, असा संकेत आहे. हे रोगाचे निदान नव्हे, हे विद्यार्थ्यांनी कधीही विसरू नये.

कमी गुणांचे कारण दर वेळी मनातच असते असेही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा बरेच कमी आहे, तिला सकाळी ताजेतवाने कसे वाटणार? अशा वेळी समुपदेशनाच्या आधी रक्ततपासणी करावयास हवी.

उत्तर सुचविणारे प्रश्न टाळावेत. ‘मोबाइलमुळे अभ्यासावर वाईट परिणाम होतो का?’ असे विचारले की मुले अपेक्षित तेच उत्तर देतात. त्याऐवजी ‘काल रात्री किती वाजता झोपलात, आज किती वाजता उठलात?’ असे विचारावे. शिवाय रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणाऱ्यांचे गुण कमी दिसले, तरी मोबाइल हेच कारण असे लगेच म्हणू नये. ज्यास झोप येत नाही, तोही मोबाइल हाती घेतो.

वेळेचेही भान हवे. गणपतीत वाडी माणसांनी भरलेली असते, आई-वडील घरी आलेले असतात. त्या पंधरवड्यातील उत्तरे आणि परीक्षेच्या तोंडावरील उत्तरे सारखी येणार नाहीत. म्हणून सर्वेक्षण केव्हा केले, हे अहवालात लिहिलेच पाहिजे.

कोणास विचारावे

विद्यार्थी सोयीसाठी आपल्याच वर्गात प्रश्नावली वाटतात. त्यामुळे वर्गात नसलेली मुले गळतात : शाळा सोडून होडीवर जाणारा मुलगा, घरकामासाठी थांबलेली मुलगी, नोकरीच्या शोधात जाऊन परत आलेला तरुण. ज्यांची चौकशी सर्वांत निकडीची, तेच निसटतात. २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाची पद्धत येथे मार्गदर्शक ठरावी. ते शाळेत न होता घरोघरी जाऊन होते. २०२३ मध्ये २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षांच्या ३४,७४५ मुलांना भेटून ते करण्यात आले, तेव्हा सुमारे एक चतुर्थांश मुलांना इयत्ता दुसरीच्या पातळीचा मजकूर मातृभाषेतही सफाईने वाचता येत नाही, असे आढळले.

संख्या लहान असेल तर टक्केवारीचा मोह आवरावा. दहांपैकी सात मुलांनी काही सांगितले, तर ‘दहांपैकी सात’ असेच लिहावे. ‘७० टक्के तरुण’ असे लिहिल्याने वाचकाचा गैरसमज होतो.

उत्तर ऐकणाऱ्याची जबाबदारी

१८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही आवश्यक आहेत. पडवीत आजी ऐकत बसली असताना मुलगी मोकळेपणाने बोलणार नाही. तिला स्वतः कागद भरू द्यावा. नाव लिहिले नाही म्हणजे गोपनीयता राखली, असे समजू नये. तीस घरांच्या वाडीत ‘बारावी अनुत्तीर्ण, आई मुंबईस, वय १९’ एवढे वर्णन छापले तरी तो मुलगा कोण, हे सर्वांस कळते. म्हणून ज्या गटात पाचांपेक्षा कमी मुले असतील, तो तक्त्यात वेगळा दाखवू नये.

सर्वांत नाजूक प्रसंग म्हणजे एखादा मुलगा ‘जगावेसे वाटत नाही’ असे सांगतो तो. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने त्या क्षणी काय करावे? त्याने घाबरू नये, उपदेश करू नये, शांतपणे ऐकावे, त्यास एकटे सोडू नये आणि मार्गदर्शक शिक्षकास त्याच दिवशी कळवावे. असे काही ऐकू आल्यास पुढे कोणास कळवायचे, हे ठरलेले नसेल, तर मुळात तो प्रश्नच प्रश्नावलीत घालू नये. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळविणे बंधनकारक आहे. म्हणून ‘कोणासही सांगणार नाही’ असे निरपवाद वचन विद्यार्थ्यांनी कधीही देऊ नये.

मदतीची साधने आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. राज्यातील जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीतच आहे. सर्वेक्षणास निघण्यापूर्वी ही माहिती प्रत्येक विद्यार्थ्याजवळ छापील स्वरूपात असावी आणि उत्तरे देणाऱ्या प्रत्येकास, त्याने काहीही सांगितले असो वा नसो, तिची एक प्रत द्यावी.

उत्तर गावास परत द्यावे

आइसलँड या छोट्या देशात १९९२ पासून शाळांमधील मुलांची नियमित पाहणी होते. तेथे प्रत्येक शाळेस आणि नगरपालिकेस त्यांचे स्वतःचे निष्कर्ष काही आठवड्यांतच कळविले जातात व पालक, शिक्षक आणि क्रीडामंडळे मिळून उपाय ठरवितात. मागील महिन्यात मद्यपान करून धुंद झालेल्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण तेथे १९९८ मध्ये ४२ टक्के होते. २०१६ मध्ये ते ५ टक्क्यांवर आले. हे केवळ पाहणीने घडले नाही. परंतु निष्कर्ष ज्यांचे त्यांच्या हाती वेळेवर पोचले नसते, तर पुढील उपाय कोणी योजले असते?

आपल्याकडे यासाठी ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना धरून ती घेण्याचा प्रघात आहे. समजा, सर्वेक्षणात असे दिसले की संध्याकाळची एस.टी. लवकर सुटत असल्याने वाडीवरच्या मुलांना ना वाचनालय मिळते ना मैदान. तर त्यावर आगारास पत्र लिहिणे ग्रामसभेच्या हाती आहे. विद्यार्थ्यांनी एका पानात, साध्या मराठीत, तीन निष्कर्ष आणि एक सूचना मांडली तरी पुरे. कोणाचेही नाव न घेता जे सांगण्यासारखे आहे, ते सर्वांसमक्ष सांगावे. ‘मागच्याचे काय झाले?’ या प्रश्नास हेच उत्तर आहे.

या कामी रुग्णालयाने तीन गोष्टी कराव्यात, असे आम्हांस वाटते : प्रश्नावली आधी तपासून देणे, सर्वेक्षणाच्या दिवसांत एक डॉक्टर दूरध्वनीवर उपलब्ध ठेवणे आणि ज्यांना तपासणीची गरज भासेल त्यांना गाजावाजा न करता पाहणे. यांस मोठा निधी लागत नाही. लागतो तो वेळ आणि विश्वास. तालुक्यातील प्राचार्य, मुख्याध्यापक व प्रकल्पमार्गदर्शक शिक्षक यांनी वर्षारंभीच आमच्याशी संपर्क साधावा, तसेच हितचिंतकांनी आपल्या गावच्या ग्रामसभेत या मुलांचे निवेदन आस्थेने ऐकून घ्यावे, ही नम्र विनंती.