जमले नाही आणि जमत नाही

आज आपण इंग्रजीतले दोनच शब्द घेऊ : एबिलिटी आणि परफॉर्मन्स. एबिलिटी म्हणजे अंगी असलेली क्षमता, परफॉर्मन्स म्हणजे त्या वेळी घडलेली कामगिरी. कामगिरी दिसते, क्षमतेचे मात्र अनुमानच करावे लागते.

इंग्रजी व्याकरणही हा भेद पाळते. 'ही कुड स्विम' म्हणजे त्याला पोहता येत असे. पण त्या दिवशी तो पोहून काठाला लागला, हे सांगायचे तर 'वॉज एबल टू' म्हणावे लागते.

गिल्बर्ट राइल यांनी 'द कॉन्सेप्ट ऑफ माइंड' (१९४९) मध्ये एक मजेदार उदाहरण दिले आहे. दारूच्या नशेतला माणूस बुद्धिबळात अचूक चाल खेळतो. त्याला आपण कुशल म्हणू का? नाही, नशीब म्हणू. एका चालीवरून कौशल्य ठरत नाही.

मग एका चुकीवरून अकौशल्य तरी कसे ठरेल? चॉम्स्की यांनी १९६५ मध्ये भाषेबद्दल हेच मांडले. बोलताना माणूस थकव्याने, विसरण्याने अडखळतो. म्हणून त्याला भाषा येत नाही, असे होत नाही.

'फेल्ड' ही घटना आहे, 'फेल्यर' हा माणसावर मारलेला शिक्का. आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका पाहिली आणि शेरा मात्र मुलावर मारला : 'वीक स्टुडंट'. 'हा पेपर वीक आहे' एवढेच म्हणण्याचा आम्हाला अधिकार होता. बाकीचे आम्ही पाहिलेच कुठे होते?